७२ सेंट म्हणजे नक्की काय? प्रेडिक्शन मार्केटवरचा भाव वाचताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मध्यवर्ती बँक पुढच्या बैठकीत व्याजदर कमी करेल का, यावर एका प्रेडिक्शन मार्केटमध्ये (घटना घडेल की नाही यावर पैसे लावायच्या बाजारात) ‘होय’चा भाव ७२ सेंट दिसतोय, तर दुसऱ्या ठिकाणी ६५. पहिल्या ठिकाणी परवापर्यंत ६४ होता. तुम्हाला स्थिर व्याजदराचं कर्ज घ्यायचं आहे, आणि आत्ताच सही करावी की बैठक होईपर्यंत थांबावं हे ठरत नाहीये. मित्र म्हणतो, “७२ टक्के लोकांना वाटतंय, म्हणजे कपात होणारच.” हा आकडा किती मानायचा, दोन ठिकाणी तो वेगळा का, आणि दोन दिवसांत आठने का वाढला, असं तुम्ही विचारलं आहे.

अंदाज बांधणं आणि निकाल लागल्यावर ते कितपत बरोबर होते हे तपासणं, हे काम मी बरीच वर्षं करतो आहे. या बाजारांचे भाव रोज बघतो आणि लिहूनही ठेवतो. उत्तर लांबणार आहे, पण तुमच्या कर्जाच्या निर्णयापर्यंत मी येणार आहे.

आधी मित्राचं वाक्य घेऊ, कारण ही चूक मला सगळ्यांत जास्त वेळा दिसते. ७२ म्हणजे ७२ टक्के लोक नव्हेत. ‘होय’चा एक शेअर म्हणजे एक साधा करार असतो: घटना घडली तर १ डॉलर मिळणार, नाही घडली तर काहीच नाही. कोणी ७२ सेंट देऊन ‘होय’ घेतो तेव्हा समोरचा कोणीतरी २८ सेंट घालून ‘नाही’ची बाजू घेतो. दोघांचे मिळून एक डॉलर जमतो आणि निकालानंतर तो एकाच्या हातात जातो. या व्यवहारात डोकी कुठेच मोजली जात नाहीत, मोजला जातो तो पैसा. २३ जून २०१६ च्या ब्रेक्झिट मतदानाच्या वेळी ब्रिटनमधल्या बुकींकडे संख्येने जास्त पैजा ‘बाहेर पडा’च्या बाजूने लागल्या होत्या, पण मोठ्या रकमांच्या पैजा ‘राहा’वर होत्या. त्यामुळे मतदानाच्या दिवशी ‘राहा’चा भाव ८० टक्क्यांच्या वर होता. डोकी मोजली असती तर चित्र वेगळं दिसलं असतं.

भाव हा सहभागी लोकांच्या मतांची सरासरी तरी असतो का? तेवढंही नेमकं म्हणता येत नाही. चार्ल्स मॅन्स्की या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं की लोकांच्या मतांची सरासरी आणि बाजाराचा भाव यांत बरंच अंतर असू शकतं. कोणाकडे किती पैसा आहे आणि कोण किती जोखीम घेतो, यावर ते ठरतं. जस्टिन वुल्फर्स आणि एरिक झिट्झेविट्झ यांचं म्हणणं असं, की व्यवहारात बहुतेक वेळा हे अंतर लहान असतं, टोकाच्या भावांपाशी ते वाढतं. माझा अनुभव दुसऱ्या मताच्या जवळ जातो. भावाला ‘पैशाने तोललेलं मत’ समजावं, आणि दोन्ही टोकांना जरा सावध राहावं.

याच्याच शेजारचा एक गोंधळ आहे तो मतांचा वाटा आणि जिंकण्याची शक्यता यांचा. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाने १९८८ मध्ये सुरू केलेल्या बाजारात पहिले करार मतांच्या वाट्यावर होते: उमेदवाराला जितके टक्के मतं, त्या प्रमाणात पैसे. अशा करारात एका डॉलरमागे ५२ सेंटचा भाव म्हणजे ५२ टक्के मतांची अपेक्षा. नंतर तिथेच ‘जिंकला तर सगळं, हरला तर शून्य’ असेही करार आले. ५२ टक्के मतं अपेक्षित असलेल्या उमेदवाराचा दुसऱ्या प्रकारच्या करारात भाव ८० असू शकतो, आणि दोन्ही आकडे एकाच वेळी बरोबर असतात. आजच्या पॉलीमार्केट किंवा काल्शीसारख्या ठिकाणी बहुतेक करार दुसऱ्या प्रकारचे आहेत. म्हणून ८० दिसलं की “प्रचंड लाट आहे” असं वाचू नका. निसटता विजय बऱ्यापैकी खात्रीचा आहे, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

आता तुमचे दोन आकडे, ७२ आणि ६५. तुम्ही दोन्ही प्रश्नांखालचे नियम जोडून पाठवलेत हे फार चांगलं केलंत, कारण उत्तर तिथेच आहे. पहिल्या ठिकाणचा प्रश्न आहे, “या बैठकीत दर कमी होतील का?” म्हणजे कितीही कपात चालेल. दुसऱ्या ठिकाणचा ६५ चा भाव आहे तो बरोबर पाव टक्का कपातीचा. तिथेच खाली ‘अर्धा टक्का किंवा जास्त’ असा वेगळा पर्याय आहे आणि त्याचा भाव ७ आहे. ६५ आणि ७ मिळून ७२. दोन्ही बाजार एकच गोष्ट सांगतायत, त्यांनी फक्त प्रश्न वेगळा मांडलाय.

दोन ठिकाणचे भाव वेगळे दिसले की मी आधी नियमच उघडतो. शीर्षक हे जाहिरातीसारखं असतं, पैसे मिळतात ते खाली लिहिलेल्या अटींवर. निकाल कोणत्या स्रोतावरून ठरणार, कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या वेळक्षेत्रानुसार, बैठक पुढे ढकलली तर काय, शब्दाची व्याख्या काय, हे सगळं तिथे असतं. जून २०२५ मध्ये पॉलीमार्केटवर एक प्रश्न होता: युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की जुलैपूर्वी सूट घालतील का? त्या महिन्यात हेगच्या नाटो परिषदेला ते काळं जाकीट घालून आले. अनेक वृत्तसंस्थांनी त्याला सूट म्हटलं. वाद झाला, निकाल क्रिप्टो टोकन बाळगणाऱ्यांच्या मतदानावर गेला आणि शेवटी ‘नाही’ ठरला. त्या बाजारातली उलाढाल २० कोटी डॉलरांच्या पुढे गेली होती. त्या वादाच्या दिवसांतला भाव कपड्यांबद्दल काही सांगत नव्हता. निवाडा करणारे काय ठरवतील, याचा तो अंदाज होता. ज्या प्रश्नात व्याख्या सैल आहे तिथला प्रत्येक भाव थोडाफार असा मिश्र असतो. तुमच्या प्रश्नात ती अडचण नाही, कारण बँक दर जाहीर करते आणि तो आकडा सगळ्यांना सारखाच दिसतो.

आता पडद्यावर दिसणारा आकडा. तो शेवटच्या सौद्याचा भाव असू शकतो, किंवा खरेदी आणि विक्रीच्या बोलींचा मध्य. पॉलीमार्केटवर साधारणपणे मध्य दाखवतात, आणि दोन बोलींतलं अंतर १० सेंटपेक्षा जास्त असलं तर शेवटच्या सौद्याचा भाव. म्हणजे खरेदीची सर्वांत वरची बोली ६८ आणि विक्रीचा सर्वांत खालचा भाव ७६ असला तरी पडद्यावर ७२ दिसेल. त्या ७२ ला प्रत्यक्षात कोणीही घेत नाहीये आणि कोणीही विकत नाहीये. बाजार खरं तर एवढंच सांगतोय: “शक्यता ६८ ते ७६ च्या मधे कुठेतरी आहे, त्याहून बारीक मला माहीत नाही.” म्हणून मी एक आकडा न लिहिता नेहमी दोन लिहितो, खालचा आणि वरचा. तुमच्या पहिल्या बाजारात हे दोन ७१ आणि ७३ आहेत, म्हणजे भाव घट्ट आहे आणि ७२ वर भरवसा ठेवायला हरकत नाही.

त्याखाली ऑर्डरींची यादी असते, तीही बघावी. भाव पाच-सात सेंटनी हलवायला किती डॉलर लागतील? हजार-दोन हजारांत ७२ चा ८० होत असेल, तर तो भाव म्हणजे एखाद्या उत्साही माणसाचं मत असू शकतं. लाखो डॉलर ओतल्यावर एखादा सेंट हलत असेल, तर त्या आकड्याशी असहमत व्हायला मला सबळ कारण लागेल. एकूण उलाढालीच्या आकड्याने मात्र फार प्रभावित होऊ नका. तीच रक्कम पुन्हा पुन्हा फिरूनही उलाढाल वाढते. आत्ता, या क्षणी, दोन्ही बाजूंना किती पैसा उभा आहे ते महत्त्वाचं.

बाजाराचा भाव बरोबर राहतो तो एका साध्या कारणाने: भाव चुकला तर तो दुरुस्त करण्यात कोणाचा तरी फायदा असतो. म्हणून भाव वाचताना मी स्वतःला विचारतो, की हा चुकीचा असता तर तो सरळ करायला कोणी येऊ शकलं असतं का? २०२० च्या अमेरिकी निवडणुकीनंतर हे फार स्पष्ट दिसलं. ७ नोव्हेंबरला वृत्तसंस्थांनी बायडन यांचा विजय जाहीर केला, तरी पुढे कित्येक आठवडे काही बाजारांत ट्रम्प यांचा भाव १० सेंटच्या आसपास रेंगाळत होता. त्यांपैकी प्रेडिक्टइटवर एका करारात ८५० डॉलरांपेक्षा जास्त लावता येत नसत, नफ्यावर १० टक्के शुल्क होतं आणि पैसे काढताना ५ टक्के. हिशेब करून बघा: ९० सेंटला बायडन घेतला, १ डॉलर मिळाला, १० सेंट नफ्यातला १ सेंट गेला, राहिले ९९, ते काढताना ५ टक्के गेले, हाती आले ९४ सेंट. म्हणजे जवळपास खात्रीच्या गोष्टीवर ४ सेंट सुटत होते, आणि तेही ८५० डॉलरांच्या मर्यादेत. चूक दिसत असूनही ती दुरुस्त करण्यात कोणाला फारसा रस उरला नव्हता. तिथला १० चा भाव म्हणजे १० टक्के शक्यता असं ज्यांनी वाचलं, ते फसले.

वेळेचाही भाव असतो, आणि नवीन वाचणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही. २०२५ मध्ये पॉलीमार्केटवर एक प्रश्न होता, की येशू ख्रिस्ताचं पुनरागमन या वर्षात होईल का. ‘होय’ काही काळ ३ सेंटच्या आसपास होता. श्रद्धेचा विषय मी पूर्ण बाजूला ठेवतो आणि फक्त हिशेब मांडतो. हा भाव खाली आणायचा तर कोणीतरी ९७ सेंट देऊन ‘नाही’ घ्यायला हवा आणि वर्षअखेरपर्यंत पैसे अडकवून ठेवायला हवेत. एप्रिलमध्ये घेतला तर नऊ महिन्यांत मिळतात ३.१ टक्के. त्या काळात अमेरिकी सरकारच्या अल्पमुदतीच्या रोख्यांवर वर्षाला ४ टक्क्यांहून थोडं जास्तच मिळत होतं, म्हणजे नऊ महिन्यांत जवळपास तेवढंच. मग हा व्यवहार करायचा कोणी? म्हणून लांब मुदतीच्या प्रश्नांत ३ आणि ९७ हे भाव बरेचदा ‘शून्य’ आणि ‘शंभर’ असेच वाचावे लागतात. निकाल आठवड्यावर आला असताना ३ चा भाव टिकून असेल तर मात्र त्याकडे नीट बघावं, तेव्हा त्यात खरी माहिती असते.

कमी शक्यतेच्या गोष्टी महाग असणं ही जुनी गोष्ट आहे. घोड्यांच्या शर्यतींच्या अभ्यासात १९४९ पासून हा कल नोंदलेला आहे: जिंकण्याची शक्यता कमी असलेल्या घोड्यावर लोक गरजेपेक्षा जास्त पैसे लावतात आणि आघाडीचा घोडा किंचित स्वस्त राहतो. अनेक पर्यायांच्या बाजारात हे उघड दिसतं. समजा सात उमेदवारांचे भाव ६२, २१, ९, ६, ४, ३, ३ आहेत. बेरीज १०८ होते, आणि शक्यता तर शंभराच्या वर जाऊ शकत नाही. पुस्तकी उपाय म्हणजे प्रत्येकाला १०८ ने भागायचं, मग पहिला ५७ वर येतो. मी तसं करत नाही. शंभरावरचे हे आठ बहुतेक शेपटाकडे, म्हणजे कमी भावाच्या उमेदवारांकडे, जमलेले असतात, त्यामुळे शेवटच्या चार-पाच जणांमधून मी जास्त कापतो आणि पहिल्याला ६० च्या आसपास ठेवतो.

शेपूट सगळंच फुकट असतं असंही नाही. मे २०२५ मध्ये नवे पोप निवडले गेले तेव्हा बाजारात कार्डिनल पारोलिन आघाडीवर होते, पाव शक्यतेच्या थोडे वर. निवड झाली रॉबर्ट प्रेव्होस्ट यांची, ज्यांचा भाव एक-दोन सेंट होता. बाजार सपशेल नापास, असं लोक म्हणाले. पण पारोलिन यांच्या भावातच ‘चारातले जवळपास तीन वेळा दुसरं कोणीतरी’ असं लिहिलेलं होतं. शिवाय बंद दाराआडच्या मतदानाबद्दल बाहेर कोणाला काही माहीतच नसेल, तर बाजार ते कुठून आणणार? लपलेली माहिती ज्यांच्याकडे आहे ते व्यवहार करू शकतात का, हे प्रत्येक प्रश्नाला विचारून बघा.

भाव सेंटमध्ये न देता ऑड्समध्ये (पैजेच्या दरांत) दिले असतील तर ते आधी टक्क्यांत आणा. दशांश भावात १ ला त्या आकड्याने भागायचं: १.८० म्हणजे ५५.६ टक्के. अपूर्णांकात ५/२ म्हणजे २ भागिले ७, २८.६ टक्के. अमेरिकी पद्धतीत उणे १५० म्हणजे १५० भागिले २५०, ६० टक्के. अधिक २०० म्हणजे १०० भागिले ३००, ३३.३ टक्के. बुकीच्या भावात त्याची कमाई मिसळलेली असते. एकीकडे १.८० आणि दुसरीकडे २.०० असेल तर बेरीज १०५.६ होते. दोन्हींना त्याने भागलं की ५२.६ आणि ४७.४ मिळतात, आणि ते खरे वाचायचे आकडे.

आता ७२ ची शक्यता हातात आली असं धरू. ती मनात कशी धरायची? उरलेले २८ बघा. दोन नाणी उडवली आणि दोन्ही छापा पडली, तर कोणाला आश्चर्य वाटत नाही. ती शक्यता २५ टक्के आहे. कपात न होण्याची शक्यता त्याहून थोडी जास्त आहे. ‘होणारच’ हा शब्द इथे बसत नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये बाजार हिलरी क्लिंटन यांना सुमारे ८० टक्के देत होते. ट्रम्प जिंकले, आणि अनेकांनी बाजारांवर फुली मारली. पाचातून एकदा घडणारी गोष्ट त्या वेळी घडली होती. भाव चुकला होता की नाही, हे त्या एका निकालावरून सांगताच येत नाही.

हे मी पोटतिडकीने सांगतोय, कारण मी स्वतः यात चुकलेलो आहे. कामाला लागून थोडाच काळ झाला होता. एका मंजुरीच्या निकालावर ८८ चा भाव होता आणि मी टीमला सांगितलं, धरून चाला. पर्यायी योजना तयार ठेवायला दोन दिवस लागले असते, ते आम्ही वाचवले. मंजुरी नाकारली गेली आणि टीमचे कित्येक आठवडे गेले. ८८ चा भाव चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. आठांतून एकदा जे होतं, त्याला मी ‘होणार नाही’ असं नाव दिलं, आणि ते नाव घेऊन लोक कामाला लागले. तेव्हापासून मी कोणालाही भाव सांगताना उलटी बाजू आधी सांगतो: “न होण्याची शक्यता २८ टक्के आहे.” ऐकणारा लगेच वेगळे प्रश्न विचारायला लागतो.

आता परवाचे ६४ आणि आजचे ७२. आठ टक्क्यांची वाढ किती मोठी, हे ती कुठे झाली यावर ठरतं. ५० वरून ५५ आणि ९४ वरून ९९, दोन्ही पाचच वाढले. पण दुसऱ्यात न होण्याची शक्यता ६ वरून १ वर आली, सहाव्या हिश्श्यावर. तिथे काहीतरी ठोस घडलेलं असतं. म्हणून मी होय आणि नाहीचं गुणोत्तर बघतो: ६४ ला ३६ म्हणजे १.७८, ७२ ला २८ म्हणजे २.५७, साधारण दीडपट. महागाईचा आकडा अपेक्षेपेक्षा थोडा कमी आला की एवढी हालचाल सहज होते. तुमच्याकडे नेमका त्याच दिवशी तो आकडा आला होता, त्यामुळे वाढीत गूढ काही नाही. ६४ ते ६६ अशी रोजची ये-जा असेल तर तिच्यात अर्थ शोधूच नका.

मुदतीच्या प्रश्नांत एक उलटी गंमतही असते. ‘महिनाअखेरपर्यंत राजीनामा देतील का’ याचा भाव ३० असेल आणि पंधरा दिवस काहीच घडलं नाही, तर भाव आपोआप १६ च्या आसपास यायला हवा. दिवस संपले, तशी संधी संपली. लोक हे ३० वरून १६ बघून “काय बातमी आली?” असं शोधत बसतात. बातमी आलेली नसते. उलट पंधरा दिवसांनंतरही भाव ३० वरच असेल तर मधे काहीतरी वाढलंय, आणि तिथे लक्ष द्यायला हवं. याच हिशेबाने दोन मुदतींच्या भावांमधून तिसरी गोष्ट काढता येते: जूनपर्यंत २०, डिसेंबरपर्यंत ३५, तर जूनपर्यंत न घडल्यास पुढच्या सहा महिन्यांत घडण्याची शक्यता १५ भागिले ८०, म्हणजे १९ टक्के.

बातमीशिवाय भाव उडाला तर दोन शक्यता असतात, कोणाला काही कळलंय किंवा कोणीतरी नुसताच पैसा ओततोय. ऑक्टोबर २०२५ मध्ये शांततेच्या नोबेलची घोषणा व्हायच्या काही तास आधी व्हेनेझुएलाच्या विरोधी नेत्या मारिया कोरिना मचाडो यांचा भाव पाचच्या आतून सत्तरच्या आसपास गेला, आणि सकाळी पुरस्कार त्यांनाच जाहीर झाला. माहिती फुटली का, याची चौकशी करावी लागेल असं नोबेल संस्थेने म्हटलं. याच्या उलट २०१२ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीतली गोष्ट. इंट्रेड नावाच्या बाजारात शेवटच्या दोन आठवड्यांत एकाच व्यापाऱ्याने उमेदवार मिट रॉम्नी यांच्यावर इतका पैसा लावला की तिथला भाव बाकीच्या बाजारांपेक्षा वेगळा राहिला. डेव्हिड रॉथशिल्ड आणि राजीव सेठी यांनी नंतर त्या व्यवहारांचा अभ्यास केला. त्या व्यापाऱ्याचे सुमारे ४० लाख डॉलर बुडाले होते. मग २०२४ मध्ये पुन्हा एक मोठा खेळाडू दिसला, फ्रान्समधला, अनेक खात्यांमधून ट्रम्प यांच्यावर कोट्यवधी डॉलर लावणारा. बाजार हाताळला जातोय असं तेव्हा खूप बोललं गेलं. पण त्याने स्वतःच्या खर्चाने पाहणी करून घेतली होती, ज्यात मतदारांना ‘तुमचे शेजारी कोणाला मत देतील’ असं विचारलं होतं. तो बरोबर ठरला. एकाच माणसाचा मोठा पैसा दिसला म्हणजे भाव खोटा, असं म्हणता येत नाही. आणि त्याला काही माहीत आहे असंही लगेच मानता येत नाही. मी अशा वेळी दुसऱ्या स्वतंत्र ठिकाणचा भाव बघतो. व्याजदराच्या बाबतीत ही सोय चांगली आहे. उदाहरणार्थ, अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हच्या बैठकांसाठी व्याजदराच्या फ्युचर्समधून (पुढच्या तारखेच्या सौद्यांमधून) अशीच शक्यता काढली जाते आणि ती फेडवॉच या नावाने रोज प्रसिद्ध होते. तिथे उतरलेला पैसा आणि माणसं वेगळी असतात. दोन्हीकडे आकडे जवळ असतील तर मी निश्चिंत होतो.

या सगळ्याची परीक्षा घेता येते. वहीत प्रश्न, तारीख आणि भाव लिहा, निकाल लागला की शेजारी १ किंवा ० लिहा. साठ-सत्तर नोंदी झाल्या की ७० च्या आसपासचे सगळे भाव एकत्र करा. त्यातले साधारण दहापैकी सात घडलेले असले तर तो बाजार त्या पट्ट्यात विश्वासाचा आहे. अमेरिकेच्या हवामान खात्यातले ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये याचं एक माप दिलं: शक्यता आणि निकाल यांतल्या फरकाचा वर्ग. ७२ सांगितलं आणि घडलं तर ०.०७८४, नाही घडलं तर ०.५१८४, सरासरी जितकी लहान तितकं चांगलं. बाजाराच्या भावाशेजारी स्वतःचा अंदाजही लिहा. भावाच्या विरुद्ध जाण्याइतकं आपल्याला खरंच काही माहीत असतं का, हे त्या रकान्यातून कळतं. माझ्या वहीत तसे विषय मोजकेच निघाले.

आता तुमचं कर्ज. यासाठी ७२ की ६९ हे नेमकं ठरवायची गरज बहुधा पडणारच नाही. आधी तुमचा स्वतःचा उंबरठा काढा. थांबून दर कमी झाला तर किती वाचेल, आणि थांबून काहीच न झाल्यास किती जाईल, म्हणजे आत्ता मिळालेला दर हातचा जाणं, उशिराचा खर्च वगैरे. वाचणारी रक्कम जाणाऱ्या रकमेच्या दुप्पट असेल तर ३३ टक्के शक्यतेलाही थांबणं परवडतं. दोन्ही सारख्या असतील तर ५० टक्के लागतात. वाचणारी रक्कम जाणाऱ्याच्या निम्मी असेल तर ६७ टक्के, आणि फक्त अशाच वेळी एकदोन सेंटचा फरक तुमच्यासाठी महत्त्वाचा ठरतो.

पण त्याआधी एक गोष्ट. बाजाराचा प्रश्न आहे, मध्यवर्ती बँक दर कमी करेल का. तुमचा प्रश्न आहे, मला कर्ज देणारी संस्था माझ्या कर्जाचा दर कमी करेल का. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. स्थिर दराच्या कर्जात तर हे जास्तच, कारण कर्ज देणारी संस्थाही हेच भाव बघत असते आणि अपेक्षित कपात तिने आजच्या दरात आधीच धरलेली असू शकते. तसं असेल तर कपात झाल्यावर तुमचा दर फारसा हलणार नाही, आणि कपात झाली नाही तर तो वर जाईल. कपात झाल्यास ती तुमच्यापर्यंत वेळेत पोहोचण्याची शक्यता समजा ७० टक्के धरली, तर ०.७२ गुणिले ०.७० म्हणजे तुमच्या कामाचा आकडा ५० वर येतो. तो ७० मी नुसता उदाहरणादाखल घेतलाय. तुमचा खरा आकडा कोणत्याही बाजारात दिसणार नाही, तो कर्ज देणाऱ्याला विचारूनच मिळेल: मागच्या दोन-तीन कपातींनंतर नव्या कर्जाचा दर तुम्ही किती दिवसांत आणि किती कमी केला होता, आणि आज दिलेला दर किती दिवस राखून ठेवता? हे त्यांच्याकडून लेखी घ्या. दर बैठकीच्या दिवसानंतरपर्यंत राखून ठेवायला ते तयार असतील, आणि त्या मुदतीत दर उतरल्यास कमी दराने सही करू देणार असतील, तर थांबण्यात तुमचं जवळपास काहीच जात नाही, आणि मग ७२ असो की ६५, निर्णय तोच राहतो.